नाव मराठी, मोजणी बाइटची

क्लाउडवर फाइल चढवताना पडद्यावर फोल्डर दिसतात, फोल्डरच्या पोटात आणखी फोल्डर दिसतात. ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेच्या नेहमीच्या रचनेत ते खरे नसतातच. 'जमीन/२०२४/फेरफार.पीडीएफ' हा अख्खा मार्ग म्हणजे त्या फाइलचं एकच सलग नाव. तिरप्या रेघा केवळ आपल्या सोयीच्या.

या नावाला मर्यादा आहे १,०२४ बाइटची. गूगलच्या क्लाउड स्टोरेजमध्येही तेवढीच. ऐकायला ऐसपैस वाटते, पण ती बाइटमध्ये आहे, अक्षरांत नाही. खरी मेख इथेच आहे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. 'महाराष्ट्र' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी ती दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. रोमन लिपीत तोच शब्द अकरा बाइटांत बसतो. थोडक्यात, देवनागरी नावाला जेमतेम ३४१ चिन्हांची जागा.

जावास्क्रिप्टमध्ये लांबी विचारली की मराठी मजकुराची चिन्हं मोजून मिळतात, बाइट नव्हे. त्यामुळे चारशे चिन्हांचा मार्ग वेबपानावरच्या तपासणीत सहज पास होतो आणि पुढे बाराशे बाइट भरल्याने सर्व्हर तो परत पाठवतो. इंग्रजी नावं देऊन केलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही. सर्व्हर नावाआधी ग्राहकक्रमांक किंवा तारीख जोडत असेल, तर तेही मोजायला हवं. वेबपत्त्यात मात्र देवनागरीचा प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून तीन अक्षरांत लिहिला जातो. ती फुगलेली लांबी मोजली तर चांगली नावंही नाकारली जातील.

नाव लांब झालं की शेपूट छाटायची, हा उपाय मला सर्वांत घातक वाटतो. फरक शेवटच्या क्रमांकातच असेल तर दोन फाइलींचं नाव एकच होतं आणि आवृत्त्या जपण्याची सोय चालू नसेल तर दुसरी पहिलीला गुपचूप पुसून टाकते. त्यापेक्षा स्पष्ट शब्दांत नकार बरा.

चढवणं जमलं तरी उतरवणं राहतंच. विंडोजची पूर्वापार मर्यादा अख्ख्या मार्गाला २६० चिन्हांची. लिनक्सच्या बहुतेक फाइलप्रणालींत एका नावाला २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं.