खिडकीला डेस्कटॉप लागतोच असं नाही

लिनक्सचा डेस्कटॉप हँग झाला की जाणकार सांगतात, कंट्रोल, आल्ट आणि एफ3 एकदम दाबा. चित्रं जातात, काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ येते. हा टेक्स्ट कन्सोल. तिथे लॉगिन करून 'फायरफॉक्स' टाइप केलं की एरर येतो : डिस्प्ले सांगितलेला नाही. यावरून बहुतेक जण समजतात की कन्सोलवरून ग्राफिकल प्रोग्राम चालतच नाहीत, त्याला अख्खा डेस्कटॉप हवा.

एररमध्ये डेस्कटॉपचं नावही नाही, हे कुणी पाहत नाही. खिडकीत काय रंगवायचं एवढंच फायरफॉक्स ठरवतो. ती पडद्यावर मांडणं आणि माऊस-कीबोर्डच्या हालचाली त्याच्यापर्यंत पोचवणं हे काम डिस्प्ले सर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामचं. लिनक्सवर वर्षानुवर्षं ते 'एक्स'ने केलं. एक्सची सुरुवात एमआयटीत 1984 साली झाली. केडीई 1996 सालचा, ग्नोम 1997 सालचा. म्हणजे आज आपण ज्यांना डेस्कटॉप म्हणतो त्यांच्या जन्माआधी दहा-बारा वर्षं लोक खिडक्या उघडत होतेच.

करून पाहायचं तर कन्सोलवर 'एक्सइनिट' ही कमांड द्यायची आणि तिच्यापुढे फायरफॉक्सचा पूर्ण पत्ता, सुरुवातीच्या तिरक्या रेघेसकट. ही रेघ महत्त्वाची. नुसतं नाव दिलं तर एक्सइनिट त्याला प्रोग्राम मानतच नाही. मागे डेस्कटॉप चालू असेल तर शेवटी दोन डॅश, मोकळी जागा, कोलन आणि 1 असं जोडून दुसरा डिस्प्ले मागावा लागतो. खिडकी उघडते, पण डाव्या कोपऱ्याला चिकटलेली. हलवता येत नाही, लहान-मोठी होत नाही, आणि टाइप केलेलं माऊसचा बाण जिथे असेल तिथे जातं. इथे पुष्कळांना वाटतं, इन्स्टॉलेशन बिघडलं. बिघडलेलं काही नाही. खिडक्यांची चौकट, हालचाल, मागे-पुढे होणं हे सगळं विंडो मॅनेजरचं काम, आणि तो आपण सुरूच केलेला नाही. फायरफॉक्स बंद केला की एक्सही आवरतं घेतो आणि पुन्हा कन्सोल हजर.

एवढा खटाटोप नको असेल तर वेलँडच्या घराण्यातला 'केज' बरा. एक्सची जागा घेण्यासाठी वेलँड 2008 साली सुरू झाला. त्यात डिस्प्ले सर्व्हर आणि विंडो मॅनेजर एकाच प्रोग्राममध्ये असतात. केज एकच प्रोग्राम पूर्ण पडदाभर दाखवतो. माहितीच्या कियॉस्कसाठीच तो बनवलेला आहे. एकाच कामासाठी ठेवलेल्या मशीनवर मी तरी दुसरं काही टाकणार नाही.

'मग डिस्प्ले सर्व्हरही कशाला?' असा उलट टोकाचा प्रश्नही येतो. एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर खरोखर तसा चालतो. कर्नलच्या डीआरएम यंत्रणेमार्फत तो थेट पडद्यावर चित्र उमटवतो. पण ती सोय प्रोग्राममध्येच लिहिलेली असावी लागते. फायरफॉक्समध्ये ती नाही. शिवाय पडद्याचा ताबा एका वेळी एकाकडेच. म्हणून डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवरून हाच प्रयोग केला की परवानगी नाकारली जाते, आणि लोक लगेच 'सुडो' लावतात. कृपया लावू नका. अडचण अधिकारांची नाही, ताबा आधीच दुसऱ्याकडे असण्याची आहे. आणि ब्राउझर रूट म्हणून चालवणं तर शुद्ध धोका. एक्सलाही आता रूट लागतोच असं नाही. 2014 च्या 1.16 आवृत्तीपासून तो सिस्टिमडीच्या मदतीने साध्या युजरच्या नावावर चालू शकतो.

डेस्कटॉप वगळला की जुनं मशीन पळायला लागेल ही आशाही अर्धीच खरी. डेस्कटॉपची मेमरी वाचते. ब्राउझरचे टॅब खायचं तेवढं खातातच.

मराठी वापरणाऱ्यांचा एक खास गैरसमज राहिला. कन्सोल म्हणजे शुद्ध मजकूर, तेव्हा मराठी फाइल तिथे हमखास वाचता येईल, असं वाटतं. प्रत्यक्षात दिसतात चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं. आजच्या बहुतेक पीसींवर कन्सोलची अक्षरं कर्नल स्वतः ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवतो, म्हणजे तेही चित्रच. फक्त त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 आकार मावतात आणि अक्षरं जोडण्याची सोय नसते. नुसत्या 'क्षितिज' शब्दात क आणि ष यांचा जोड हवा आणि वेलांटी अक्षराच्या आधी काढायला हवी. हे त्याला जमत नाही. तेव्हा चौकोन दिसले म्हणून फाइल खराब झाली असं समजून ती उडवू नका. त्याच कन्सोलवर केजमध्ये एखादा ग्राफिकल एडिटर उघडा. मशीनवर देवनागरी फॉन्ट असेल तर अक्षर न् अक्षर जागेवर दिसेल.