किलोमीटर कमी, म्हणून वेळ कमी?

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर. प्रवासी विमान ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर वेगाने उडतं. भागाकार केला तर उत्तर दीड तासाच्या आत येतं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो आणि कंपन्या वेळ फुगवून सांगतात, असं प्रवासी ठरवून टाकतो.

यात तथ्य आहे, पण थोडंच. तिकिटावरचा वेळ नुसता हवेतला नसतो. मुंबईत विमान जागेवरून हललं, तिथपासून दिल्लीत ते जागेवर उभं राहीपर्यंतचा तो हिशेब. विमानसेवेतले लोक त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मग उड्डाणासाठी रांग, उतरण्याआधी आकाशात घिरट्या, उतरल्यावर गेटपर्यंतची रखडपट्टी, हे सगळं आधीच धरावं लागतं. वर कंपन्या काही मिनिटं राखून ठेवतात. उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोहोचतं, ते बहुधा या शिलकीवर. वैमानिकाने वर फार जोर लावलेला नसतो.

दुसरी समजूत जास्त चिवट. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाला मुक्कामाचं गाव आपणहून सामोरं येत असणार! प्रत्यक्षात उलटं घडतं. मुंबईहून लंडनला जाताना सहसा परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने त्या फिरण्याचा असा काही फायदा मिळत नाही. फरक पाडतो तो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह ताशी दोनशे किलोमीटरचा वेग सहज ओलांडतात. फेब्रुवारी २०२०मध्ये कियारा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

याहून बोलकं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती जवळच्या वाटेची नसतेच; गोलावर दोरा ताणला, तर तो उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो आणि अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये तिने विमान उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, म्हणजे अटलांटिकच्या वाटेपेक्षा लवकर! वारा पाठीशी होता.

घड्याळाचा घोळ निराळाच. मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेलं विमान हिवाळ्यात लंडनला संध्याकाळी साडेपाचला उतरलं, तर प्रवास साडेचार तासांचा नव्हे, दहा तासांचा. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात.

आणि वारा अनुकूल असला, तरी मधलं आकाश खुलं असावं लागतं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. मुंबईकरांना त्याची झळ त्या मानाने कमी बसली. समुद्र त्यांच्या धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर आहे.