'आउटस्टँडिंग' म्हणजे थकलेले

दहावीचा निकाल लागला, की आपल्या कोल्हापुरातल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. सायन्स झेपणार नाही, आर्ट्सला पुढे काय, मग कॉमर्स घ्या. मुलगी उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेली असते, गणितात बरी असते, इंग्रजीत पास झालेली असते. शेजारच्या मुलीने इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत नाव घातले म्हणून हिचेही घातले जाते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अम्मीच्या कानावर येते, "काहीच समजत नाही." अब्बा म्हणतात, "कॉमर्स हिच्या डोक्याबाहेरचं आहे, घरी बसू दे."

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. कॉमर्स हा आमचा विषय नव्हे. पण आमच्या हाताखालून गेलेल्या मुली अकरावी-बारावीची पुस्तके काखेत मारून असरनंतर घरी येतात. त्यांच्याबरोबर ती पुस्तके वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या मुलींना हिशेब समजतो. नफा-तोटा तर त्या आपल्यापेक्षा लवकर काढतात. अडते ते शब्दांपाशी, आणि शब्दांचे भांडण म्हटले की ते आमच्या अंगणातले.

एका मुलीने विचारलेला प्रश्न ऐका. "सर, प्रगतिपुस्तकात 'आउटस्टँडिंग' लिहिलं की अब्बा मिठाई आणतात. इथं पुस्तकात पगार 'आउटस्टँडिंग' आहे म्हणतात. म्हणजे पगार फार चांगला आहे का?" वर्गात असा प्रश्न विचारला तर हशा होतो, म्हणून ती तिथे विचारत नाही. हिशेबात 'आउटस्टँडिंग' म्हणजे द्यायचा राहिलेला, थकलेला. मराठी पुस्तकात त्याला 'अदत्त' म्हणतात. आणि हाच शब्द तिचा भाऊ, जो शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो, रोज वापरतो. "पार्टीचं आउटस्टँडिंग लै हाय," असे तो जेवताना सांगतो. एकाच ताटावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाला शब्द येतो, पण तो पुस्तकात आहे हे माहीत नाही. दुसरीला तो पुस्तकात दिसतो, पण तो घरातला आहे हे माहीत नाही.

असे कितीतरी शब्द आहेत. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड हे पाचवीत पाठ झालेले असते, इथे ते व्याज निघते. 'कॉल' म्हणजे फोन, पण कंपनी शेअरवर 'कॉल' करते तेव्हा ती पुढचा हप्ता मागत असते. 'प्रोव्हिजन' म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान, पण ताळेबंदात ती बुडण्याची शक्यता असलेल्या रकमेसाठी आधीच बाजूला काढलेली तरतूद. 'बेअर' म्हणजे अस्वल, सोसणे आणि मंदीवाला, तिन्ही. 'मॅच्युरिटी' वयाची नव्हे, ठेवीची मुदत पुरी झाल्याची. अवघड स्पेलिंगचे शब्द मुली घोकून घोकून पाठ करतात. फसवतात ते हे साधे, ओळखीचे दिसणारे शब्द, कारण त्यांचा अर्थ शोधायला कोणी जातच नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ घालतो तो 'क्रेडिट'. त्यावर थोडे थांबू या. दुकानदार पाटी लावतो, क्रेडिट बंद आहे, म्हणजे उधारी बंद. मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, अमुक रक्कम क्रेडिट झाली, म्हणजे पैसे आले. मग क्रेडिट म्हणजे पैसे न देणे की पैसे मिळणे? आणि त्यावर कडी म्हणजे पुस्तपालनाच्या तासाला सर सांगतात, दुकानाचे पैसे बँकेत भरले तर आपल्या वहीत बँकेचे खाते डेबिट करा. मुलगी म्हणते, पासबुकात तर क्रेडिट छापलंय!

उलगडा सोपा आहे, पण तो कोणीतरी सावकाश करून दिला पाहिजे. पासबुक आपल्या हातात असले तरी ती बँकेची वही आहे. आपण पैसे ठेवले म्हणजे बँक आपले देणे लागते, म्हणून तिच्या वहीत ते आपल्या नावावर जमा, क्रेडिट. आपल्या वहीत बँकेकडून येणे आहे, म्हणून ते नावे, डेबिट. व्यवहार एकच, दोन वह्या समोरासमोर बसलेल्या. 'क्रेडिट' हा शब्द लॅटिन भाषेतल्या विश्वास ठेवण्याच्या क्रियापदापासून आला आहे. किराणावाला आपल्यावर विश्वास ठेवून माल देतो तेही क्रेडिट आणि आपण बँकेवर विश्वास ठेवून पैसे देतो तेही क्रेडिट. आम्ही मुलींना म्हणतो, विश्वास कोण कोणावर ठेवतो आहे ते आधी शोधा, बाकीचे आपोआप जागेवर बसेल.

आता कोणी म्हणेल, मग मराठी माध्यमच घ्यावे, सगळे सोपे. तितकेही सोपे नाही. मराठी पुस्तकात डेटरला 'ऋणको' आणि क्रेडिटरला 'धनको' म्हणतात. उर्दू शाळेतून आलेल्या मुलीला हे इंग्रजीइतकेच परके. बाजारात तर कोणीच असे बोलत नाही, तिथे 'येणं' आणि 'देणं' चालते. म्हणजे या मुलीजवळ शब्दांचे तीन गठ्ठे असतात : घरचे, पुस्तकी मराठी आणि इंग्रजी. तिला कोणी सांगितलेलेच नसते, की तिन्ही गठ्ठ्यांत माल तोच आहे.

खरे तर घरचा गठ्ठा तिला वाटतो त्यापेक्षा श्रीमंत आहे. जमा, खर्च, बाकी, हिशेब, रक्कम, वसूल, नफा, नुकसान, करार, मुदत, जामीन, दलाल, जप्ती हे मराठी हिशेबाचे रोजचे शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आले आहेत. उर्दू शाळेतल्या मुलीला ते दुहेरी ओळखीचे. 'भाग जप्ती' हा पुस्तकातला शब्द तिला 'फॉरफीचर ऑफ शेअर्स'पेक्षा लवकर कळतो, कारण जप्ती काय असते हे तिला ठाऊक आहे. तिथून 'फॉरफीचर'कडे जायला एकच पायरी.

आणि इंग्रजीचेही सगळेच इंग्रजी नाही. जकातीचा दर सांगणारा 'टॅरिफ' हा शब्द अरबी 'तारीफ'पासून निघाला. तारीफ म्हणजे आपण स्तुती समजतो, पण मूळ अर्थ ओळख करून देणे. उर्दूच्या व्याकरणात व्याख्येला आपण तारीफच म्हणतो. 'ॲव्हरेज' हा शब्द जहाजातल्या खराब झालेल्या मालासाठी असलेल्या अरबी शब्दातून आला. ते नुकसान सर्व व्यापाऱ्यांत सारखे वाटून घेत, त्यावरून सरासरी. वाचकांच्या हातात आहे ते 'मॅगझिन'सुद्धा अरबी 'मखजन', म्हणजे कोठार. आणि उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर चढतो तेव्हा पावतीवर ग्रॉस, टेअर, नेट असे तीन आकडे येतात. त्यातला 'टेअर', म्हणजे रिकाम्या गाडीचे वजा करायचे वजन, हाही अरबी 'तरह', वजा टाकलेले. आमच्या एका विद्यार्थिनीचे मामू ट्रॅक्टर चालवतात. तिने घरी जाऊन ती पावती मागून घेतली आणि वहीत चिकटवली. तो शब्द ती विसरणार नाही.

आपल्या शहराला तरी व्यापाराची भाषा परकी का वाटावी? गुळाच्या पेठेसाठी छत्रपती शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली. 1906 साली त्यांनी शाहू मिल उभी केली, आणि त्याच 1906 मध्ये कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. महाराज स्वतः तिचे अध्यक्ष होते. गिरणी आणि वसतिगृह एकाच वर्षी निघाले, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो. दसरा चौकातून जाताना मुलांना ती इमारत दाखवावी.

आता परीक्षेकडे येऊ. बारावी कॉमर्सला 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' आणि 'चिटणीसाची कार्यपद्धती', म्हणजे इंग्रजी माध्यमातले ओसी आणि एसपी, हे दोन विषय शब्दांवर उभे आहेत. लेखी पेपर 80 गुणांचा. त्यातला पहिला प्रश्न 20 गुणांचा, वस्तुनिष्ठ : जोड्या लावा, एका शब्दात सांगा, चूक की बरोबर, अधोरेखित शब्द दुरुस्त करा. दुसरा प्रश्न संज्ञा स्पष्ट करण्याचा, 8 गुणांचा. म्हणजे 80 पैकी 28 गुण नुसत्या शब्दांच्या ओळखीवर. निबंधासारखी उत्तरे पाठ करण्यात रात्री घालवणाऱ्या मुली या 28 गुणांकडे शेवटच्या आठवड्यात बघतात, हे आम्हाला उलटे वाटते.

एसपीमध्ये कंपनीच्या चिटणिसाने लिहायची पत्रे असतात. सभासदाला लाभांश कळवणे, भागवाटप झाल्याचे कळवणे, न झाल्याचे कळवणे. या शेवटच्या पत्राला 'लेटर ऑफ रिग्रेट' म्हणतात. एका मुलीने त्याचे भाषांतर 'पश्चात्तापाचे पत्र' केले होते. कंपनीला कसला पश्चात्ताप? ती फक्त दिलगिरी कळवते आणि अर्जाचे पैसे परत करते.

पत्राची इंग्रजी वाक्ये शब्दशः लावायला गेले की अशी फजिती होते. 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड' यात काही शोधायचे नसते, 'सोबत जोडले आहे' इतकेच. 'आय ॲम डायरेक्टेड बाय द बोर्ड' म्हणजे संचालक मंडळाच्या आदेशावरून. 'युअर्स फेथफुली' म्हणजे आपला विश्वासू. आम्ही मुलींना उर्दूतली दरख्वास्त आठवायला सांगतो. 'बखिदमत जनाब'पासून 'गुजारिश है'पर्यंत तिचा पोशाख ठरलेला असतो. जुन्या मराठी पत्रात 'सा. न. वि. वि.' असे, तेही तसेच. इंग्रजी व्यापारी पत्रालाही ठरलेला पोशाख आहे, तो जसाच्या तसा घालायचा. कंपनीचे नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन क्रमांक, तारीख, संदर्भ क्रमांक, विषय, मायना, मजकूर, समारोप, सही, सोबतची कागदपत्रे. मजकूर सुंदर पाठ असतो आणि संदर्भ क्रमांक किंवा 'सोबत' राहून जाते. गुण तिथे जातात.

घरच्यांनी काय करावे? इंग्रजी येत नाही म्हणून अम्मी-अब्बा हात वर करतात. त्याची गरज नाही. कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, ही ताकीद सूरह बकराच्या ज्या आयतीत आहे, ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. म्हणजे लिखित हिशेब ही आपल्या घराला नवी गोष्ट नव्हे. घरातले कागद बाहेर काढा. पासबुक, विजेचे बिल, दूध संस्थेचा हिशेब, पतसंस्थेचा शेअर दाखला, रिक्षाच्या कर्जाचा करार, दुकानाचे जीएसटी बिल. रविवारी तासभर मुलीला ते वाचायला सांगा आणि अनोळखी शब्द वहीत उतरवायला लावा. एका पानावर चार रकाने : इंग्रजी शब्द, पुस्तकातला मराठी शब्द, घरात आपण काय म्हणतो, आणि तो कोणत्या कागदावर सापडला. रोज पाच शब्द पुरेत. शनिवारी अम्मीने तिसरा रकाना वाचावा, मुलीने पहिला सांगावा. पतसंस्थेच्या सभेत लाभांश जाहीर झाला, हे ज्या अब्बांना माहीत आहे, त्यांना 'डिव्हिडंड' शिकवता येतो. कंपनीला जाहीर केलेला लाभांश 30 दिवसांच्या आत द्यावा लागतो, एवढी भर मुलगी घालेल.

बालभारतीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलीने मराठी पुस्तकही उतरवून घ्यावे आणि दोन्ही शेजारी उघडून बसावे. धड्यांचा क्रम तोच असतो. कॉमर्सच्या गाइडवर दोनशे रुपये घालण्यापेक्षा हे बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही मोबाइलवर पाहता येतात. गूगलच्या भाषांतरावर मात्र विसंबू नये.

राहिला माध्यमाचा प्रश्न. मराठीतून बारावी करणे कमीपणाचे नाही, आणि ज्या मुलीला नुसते पास व्हायचे आहे तिने ते खुशाल करावे. पण ज्या घरात मुलीला सीए करायचे स्वप्न आहे, तिथे आधीच जाणून घ्यावे, की ती परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. बँकेच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याच्या ऑफिसात बसायचे, तर बिलावरचा 'कन्साइनी' कोण आणि 'डेबिट नोट' कोणी कोणाला पाठवायची, हे पहिल्याच दिवशी विचारतात. मराठीतून शिकूनही हे शब्द इंग्रजीत यायलाच हवेत. म्हणून माध्यम कोणतेही घ्या, चार रकान्यांची वही दोन्हीकडे लागेल.

अकरावीच्या पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलीला घरी बसवण्याआधी तिची प्रश्नपत्रिका एकदा मागून घ्या. तिला म्हणा, प्रश्न वाच आणि आपल्या बोलीत मला सांग. उत्तर नको, फक्त प्रश्न. दहापैकी किती प्रश्न तिला सांगता येतात ते मोजा, आणि मग तिच्या कॉलेजच्या सरांना भेटायला जा.