वजनाचा आकडा काय सांगतो?

शाळेत आरोग्य तपासणी असली की एक जण वजनकाट्यावर उभा राहतो, दुसरा आकडा मोठ्याने सांगतो आणि तिसरा तो तक्त्यात लिहितो. पद्धत सोयीची आहे. पण ‘बासष्ट!’ असे ऐकल्यावर रांगेत जे हसू फुटते ते त्या मुलाला वर्षभर पुरते. काडीपैलवान मुलाचीही सुटका नसते. तेव्हा या आकड्याची जरा चिकित्सा करू.

वजन उंचीशी ताडून पाहण्यासाठी बी.एम.आय. काढतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. वजन ४५ किलो आणि उंची १.५ मीटर असेल, तर ४५ ÷ २.२५ = २०. गंमत अशी की या सूत्राचा उगम वैद्यकात नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३०च्या दशकात ‘सरासरी माणसा’चा अभ्यास करताना हे नाते मांडले. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वाढत्या वयात मात्र वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात जातो, हेही त्यांनीच नोंदवले होते. ‘बी.एम.आय.’ हे नाव अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले. त्यांनी तपासलेली मोजमापे होती प्रौढ पुरुषांची. म्हणूनच मुलांचा बी.एम.आय. वय व लिंगानुसार केलेल्या तक्त्यावरच पाहावा लागतो.

या आकड्यात चरबी किती, स्नायू किती, हाडे किती, हे कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही बी.एम.आय. २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही हेच दिसले. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे इतकी लहान असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती; कमी होते ते स्नायू. म्हणजे ‘बारीक आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्यही तितकेच फसवे. आपल्याकडे सडसडीत माणसांनाही मधुमेह होतो.

सातवी-आठवीत गोंधळ आणखी वाढतो. मुलींची झपाट्याची वाढ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी सुरू होते आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे त्यांच्या मांड्या व नितंब भरतात. ही वाढ निरोगी असते. नेमक्या याच वयात, हाडांत कॅल्शियम सर्वाधिक साठत असताना, काही मुली डबा परत नेऊ लागतात. त्यामागे अनेकदा कोणाचा तरी शेरा असतो.

चिडवल्याने मूल सुधारते, हा समज घरोघरी आहे. मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत उलटे दिसते. वजनावरून चिडवलेल्या मुलांचे वजन पुढे अधिकच वाढण्याकडे कल असतो. ती खेळाचा तास टाळतात, लपून खातात. ज्याला आपल्या शरीराची लाज वाटते तो ते मैदानात नेत नाही, हे शिक्षकांना अभ्यासावाचूनही ठाऊक असेल.

मग लठ्ठपणाकडे काणाडोळा करायचा का? मुळीच नाही. पोटाभोवतीची चरबी मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढवते, हे पक्के आहे. पण शरीर आहे तसे आपले मानणे आणि त्याची निगा राखणे यांत विरोध कुठे आहे? स्नायू काम करू लागले की ते रक्तातील ग्लुकोज इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेतात. त्यासाठी वजन आधी उतरावे लागत नाही. धावणाऱ्या जाड मुलाला हा फायदा त्याच दिवशी मिळतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सुचवते. त्यात जाड-बारीक असा भेद नाही.

वजन पडद्याआड घ्यावे, न बोलता लिहावे आणि मुलाची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या नोंदीशी करावी. शंका वाटली तर पालकांशी एकट्याने बोलून डॉक्टरांकडे पाठवावे. वर्गासाठी एक प्रयोग करता येईल. बसून एक मिनिट नाडी मोजा. मग दोन मिनिटे जागेवर धावून, नाडी मूळ ठोक्यांवर यायला किती वेळ लागतो ते प्रत्येकाने आपल्या वहीत टिपा. सहा आठवडे रोज खेळून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.