जुन्या इंजिनाची तेलगळती : आधी शोध, मग उपाय

आमच्या घरी १९९७ सालची पांढरी मारुती ८०० आहे. अण्णांनी दुकानाच्या मिळकतीतून घेतलेली ही पहिली आणि एकमेव गाडी. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२२ साली ती वेळ पुन्हा आली, आणि नेमके त्याच सुमारास गाडीखालच्या फरशीवर काळे डाग दिसू लागले. महिन्याकाठी पाव लिटर तेल वर घालावे लागे. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. धुताना डाग निघेनात.

ज्या गॅरेजात गाडी दाखविली, तेथे उंचावर चढवून पाच मिनिटांत निदान झाले. "मागचे ऑइल सील गेले आहे. गियरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवलाच आहे तर इंजिनाचेही काम करून घ्या." अंदाज अठ्ठावीस हजारांचा. एवढ्या रकमेत गाडी मोडीत काढणे बरे, असे घरात सर्वांचे मत पडले. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे फडके घेऊन काचा पुसताना मात्र दिसले. त्या मौनामुळेच मी आणखी एकदा नीट पाहावयाचे ठरविले. पुढच्या तीन आठवड्यांत जे शिकलो, ते जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

गळणारे द्रव्य कोणते?

पहिला प्रश्न हाच. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा व त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने आखाव्यात. सकाळी डाग कोठे आहे आणि कसा आहे, हे दोन्ही कळते. इंजिन ऑइल तपकिरी वा काळे, बोटाला गुळगुळीत. गियर ऑइल अधिक दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे. कूलंट पाण्यासारखे पातळ, बहुधा हिरवे वा तांबडे. ब्रेकचे तेल पातळ, फिकट पिवळसर. ते रंगावर सांडले तर रंग उचलते, आणि ते गळत असेल तर गाडी मुळीच चालवू नये. वातानुकूलन यंत्रातून पडणारे निव्वळ पाणी हा दोष नव्हे.

आमच्या पुठ्ठ्यावर इंजिन ऑइल होते आणि डाग इंजिन व गियरबॉक्स यांच्या जोडाखाली होता. गॅरेजवाल्याच्या निदानाला पुष्टी मिळाल्यासारखे वाटले. परंतु डाग जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी धावताना वारा त्याला मागे रेटतो. म्हणून ओला भाग पाहताना सर्वांत खालचा नव्हे, तर सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधावयाचा असतो.

स्वच्छतेवाचून निदान नाही

पंचवीस वर्षांच्या इंजिनावर तेल आणि धूळ यांचा काळा थर बसलेला असतो. त्या थराखाली नवी गळती कोठून आली, हे अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही. आमच्या पेठेतील एका वृद्ध मिस्त्रींनी गाडी पाहून एवढेच म्हटले, "आधी हिला आंघोळ घाला, मग माझ्याकडे आणा."

इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीची तार सोडावी. डिस्ट्रिब्युटर, अल्टर्नेटर व हवेचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधावे. मग डिझेल वा बाजारात मिळणारे डीग्रीझर ब्रशने लावून थर काढावा आणि फडक्याने कोरडे करावे. हे काम मोकळ्या हवेत करावे. जवळपास काडी, उदबत्ती वा शेगडी नको. तेलकट फडकी गोळा करून घरात ठेवू नयेत.

इंजिन कोरडे झाल्यावर संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. मग गाडी पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवून पाहावे. काही न दिसल्यास वीस-तीस किलोमीटर फिरवून पुन्हा पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ तत्काळ उमटते. पट्ट्याजवळ वा पंख्याजवळ हात घालावयाचा तो इंजिन बंद करूनच.

मारुती ८०० चे इंजिन काय सांगते?

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत राहिली. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे तिचे इंजिन आडवे बसविलेले असते. कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये असून ती रबरी टायमिंग पट्ट्याने फिरते. पट्टा एका टोकाला, तर जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत कॅमशाफ्टच्या दुसऱ्या टोकाला डिस्ट्रिब्युटर असतो. हे दुसरे टोक नेमके गियरबॉक्सच्या बाजूचे. तेथून निसटलेला थेंब इंजिनाच्या अंगावरून ओघळत बरोबर गियरबॉक्सच्या जोडाशी येऊन टपकतो आणि पाहणारा मागच्या ऑइल सीलला दोष देतो.

आमच्याकडे तसेच घडले होते. पावडरीवरची रेघ डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून निघत होती. दुसरी, बारीक रेघ टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखालून. जोडाच्या आत जे मागचे सील बसते, त्याच्या वरचा सर्व भाग ओला असताना त्या सीलवर निर्णय देणे घाईचे होते.

तिसरा दोषी : कोंडलेली वाफ

टॅपेट कव्हरचे पॅकिंग मी स्वतः चार महिन्यांपूर्वी बदलले होते. महिनाभरात ते पुन्हा पाझरू लागले, तेव्हा मी बोल्ट आणखी आवळले. तेही चुकले. मिस्त्रींनी टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी रबरी नळी काढून माझ्या हाती दिली. फुंकून पाहिली तर हवा जाईना. आत काजळीचा चिखल घट्ट बसला होता.

इंजिनात जळालेल्या वायूंपैकी थोडा अंश पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरतोच. जुन्या इंजिनात तो अधिक उतरतो. या वायूला वाट देण्यासाठी ही ब्रीदर नळी असते. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलतो. अशा वेळी नवे पॅकिंग, नवे सील, काहीही टिकत नाही. म्हणून कोणतीही गळती दुरुस्त करण्याआधी ही नळी पाहावी. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून तोंडावर सैल उलटे ठेवावे. किंचित थरथर चालेल. पण झाकण उडू लागले, भकाभका धूर येऊ लागला आणि नळी मात्र साफ असली, तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. तेव्हा खरोखरच इंजिनाचे काम निघते.

दुरुस्ती

आमची दुरुस्ती एका दुपारची होती. नळी व तिच्या तोंडाची जागा साफ केली. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बैठकीवर व आतल्या रोटरच्या दिशेवर खडूने खूण केली, कारण तो तसूभरही फिरला तरी ठिणगीची वेळ बदलते. त्याची ओ-रिंग पोलादासारखी कडक झाली होती, वाकविताच तुटली. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावून ती बसविली आणि नंतर टायमिंग लाइटने वेळ तपासली.

टॅपेट कव्हर काढून जुन्या पॅकिंगचे अवशेष खरवडले. मी अतिरेकाने आवळल्यामुळे कव्हरची कड बोल्टाजवळ वाकली होती. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ केली. नवे पॅकिंग कोरड्या जागी बसवून बोल्ट थोडेथोडे, आलटून पालटून आवळले. पॅकिंग दाबले जावे, चेंगरू नये. सिलिकॉन लावावयाचे झाल्यास पातळ बोटभर. जास्तीचा लगदा आत गळून तेलाच्या पंपाची जाळी बुजवू शकतो.

इतर जागाही क्रमाने पाहून घ्याव्यात. ऑइल फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या रिंगेला तेल लावून फिल्टर हातानेच आवळावा. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा घालावा. तेलाच्या दाबाचा स्विच स्वतःच्या अंगातून पाझरतो; तो स्वस्त असतो, बदलावा. चेंबरच्या पॅकिंगचे बोल्ट सैल झालेले असतात, ते हलक्या हाताने पाहावेत. पुढचे क्रँक सील व कॅम सील पाझरत असतील तर टायमिंग पट्टा तेलाने भिजतो. असा पट्टा पुसून परत वापरू नये, सीलबरोबर बदलावा.

गळती थांबावी म्हणून दाट तेल घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने दोष झाकतो, जात नाही, आणि थंड इंजिनात तेल वर पोहोचण्यास उशीर होतो. सील फुगविणारी औषधे काही काळ आधार देतात. तुटलेली रिंग त्यांनी जोडली जात नाही.

केव्हा थांबावे?

थोडा पाझर असला तरी तेलाची पातळी राखून गाडी चालविता येते. परंतु तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळका वास वा धूर येत असेल, तर आगीचा धोका असतो. तेथे दिरंगाई नको. धावताना तेलाचा तांबडा दिवा लागला तर तो दाब गेल्याची खूण आहे. तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. पुढच्या पंपापर्यंत नेण्याचा मोह इंजिनाचा जीव घेतो. काढलेले जुने तेल गटारात वा झाडाच्या बुडाशी ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजात पोहोचवावे.

आमचा सर्व खर्च, मिस्त्रींच्या मजुरीसह, दोन हजारांच्या आत झाला. तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली आणि नोंदणी २०२७ पर्यंत वाढली. पुढच्या क्रँक सीलजवळ थोडा ओलावा अजून आहे. पट्टा बदलताना ते काम करावयाचे ठरले आहे. अण्णा आता दर रविवारी पुठ्ठा पाहतात, डिपस्टिक पुसून तेलाची पातळी बघतात आणि दुकानाच्या जुन्या वहीच्या मागल्या पानावर तारीख घालून नोंद करतात. गेल्या कित्येक पानांवर एकच शब्द आहे : "ठीक".