मायांच्या मागावर : चौथा काठ

सान हुआन ला लागुनाच्या वनस्पती-रंगांबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या लेखांकात, कारण नागपूरच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आधी हातावेगळा करायला हवा. त्यांची लेक ग्वातेमालाला निघाली आहे. मागच्या वेळी वीपीलचं, म्हणजे माया बायकांच्या वरच्या वस्त्राचं, एवढं कौतुक वाचलं, पण बाजारात तो खरोखर हाताने विणलेला आहे हे ओळखायचं कसं?

‘उलटी बाजू बघा’, असं कुणीही सांगेल. छापील नकलेपुरतं ते खरं आहे. पॉलिएस्टरवर नक्षी छापलेला वीपील आतून फिकट निघतो. पण विणलेल्या मालात ही खूण फसवते. अंतिग्वाजवळच्या सान अंतोनियो आग्वास कालिएंतेसच्या बायका दोन्ही अंगांनी सारखी दिसणारी नक्षी विणतात, तर इतरत्र मागे नुसते धागे लोंबतात. दोन्ही अस्सलच.

त्यापेक्षा काठ बघावेत, आणि तेही चारही बाजूंचे.

वीपील कमरेच्या मागावर विणतात. या मागाचं एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधलेलं असतं, दुसरं विणणारीच्या कमरेमागच्या पट्ट्याला. ती पुढेमागे झुकेल तसा ताणा सैल नि ताठ होतो. उभे धागे दोन्ही टोकांच्या काठ्यांना वळसा घालून परत येतात, म्हणून कापड चारही बाजूंनी बंद होतं. हवं तेवढंच विणायचं, कात्री लावायची नाही. (काही जणी एकाच ताण्यावर दोन पट्टे विणून मधोमध कापतात, तेव्हा तीन काठ सापडले तरी हरकत नाही.) खरी मेहनत शेवटच्या काही बोटांत. तिथे आडव्या धाग्याची काडी शिरायला जागाच उरत नाही, सुईने एकेक धागा ओवावा लागतो. त्या पट्टीत वीण किंचित वेगळी दिसते आणि गिऱ्हाईक नेमकी त्यालाच खोट समजून भाव पाडून मागतं!

विणलेल्या पट्ट्याची रुंदी विणणारीच्या हातांच्या पोचेइतकीच. म्हणून वीपीलला दोन-तीन पट्टे जोडावे लागतात, आणि केत्साल्तेनांगोच्या बाजूला हा जोडही भरतकामाने सजवतात.

कोर्तेला, म्हणजे खालच्या वस्त्राला, ही कसोटी लावू नये. ते स्पॅनिश लोकांनी आणलेल्या, पायाने चालवायच्या मागावर, बहुधा पुरुष विणतात, आणि लांबच लांब ताग्यातून कापून विकतात. साल्काहाचं हास्पे तर पाटोळ्यासारखं सूत आधी बांधून रंगवून विणलेलं असतं.

खरेदी कुठे करावी? चिचिकास्तेनांगोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारात जुन्या वीपीलांचे ढीग असतात. त्यांतलेच कितीतरी कापून पिशव्या होतात, ते बघवत नाही. केत्साल्तेनांगोत ‘त्रामा तेक्स्तिलेस’ ही विणकर बायकांची स्वतःची संस्था 1988 पासून आहे. तिथे घासाघीस न केलेली बरी.

सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या चियापासमध्ये, हे सगळे नियम डळमळतात. सिनाकान्तानच्या बायका आता स्वतःच्या अंगावरची फुलंसुद्धा शिलाई मशीनवर भरतात, आणि ती फॅशनप्रमाणे रंग बदलतात. त्यांच्या लग्नाच्या वीपीलात मात्र कोंबडीची पांढरी पिसं गुंफलेली असतात. ती गोष्ट रंगांनंतर.