कलेचे लेखाशीर्ष: पालघर-बोईसरच्या सहा दशकांचा मागोवा

व्यावसायिक नाटक बघायचे म्हणजे गाडी पकडायची, हे पालघर-बोईसरच्या रसिकाच्या अंगवळणी पडले आहे. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह गाठायचे, दुसरा अंक संपत आला की घड्याळाकडे बघायचे आणि टाळ्या पडत असतानाच रिक्षा शोधायची. डहाणूपर्यंत लोकल आली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी लोकलची हद्द विरारला संपायची आणि पुढे शटल मिळते की नाही, हा नाटकाइतकाच उत्कंठेचा प्रश्न असायचा. ही दोन्ही नाट्यगृहे मुंबई महापालिकेने बांधली, म्हणजे तिथल्या करदात्यांच्या पैशातून ती उभी राहिली आणि आमच्या दोन-तीन पिढ्यांनी त्यांचा लाभ घेतला. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण आपल्या गावच्या संस्थांनी या काळात कलेसाठी काय केले, हेही एकदा मागे वळून तपासायला हवे.

तुलना करायची तर फार लांब जायला नको. २०१४ पर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. त्या ठाण्यात १९७८ मध्ये गडकरी रंगायतन उभे राहिले, तेव्हा तिथे महापालिका नव्हती. ती १९८२ ला झाली. रंगायतन बांधले ते नगरपालिकेने. नाट्यगृह हा श्रीमंत महापालिकांचा विषय आहे, असे आपल्याकडे जे म्हटले जाते, त्याला जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीच उत्तर मिळते. एका नगरपालिकेच्या मनात आले आणि ते झाले. त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात मात्र पालघरच्या आर्यन शाळेचे मैदान, गणपतीचा मंडप आणि शाळांची स्नेहसंमेलने हीच रंगभूमी राहिली.

बोईसर-तारापूरची गोष्ट आणखी वेगळी. २८ ऑक्टोबर १९६९ ला तारापूरची अणुवीज सुरू झाली, देशातली पहिली. पाठोपाठ एमआयडीसी आली. नाव तारापूरचे, पण कारखाने उभे राहिले ते बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली अशा गावांच्या शेतांत. खानदेश-मराठवाड्यापासून बिहार-बंगाल-केरळपर्यंतची माणसे इथे आली आणि आपापली गाणी-बजावणी घेऊन आली. भजनी मंडळे निघाली, दुर्गापूजा आली, रामलीला आली, कॉलनीतल्या गणपतीत नाटके बसू लागली. बाहेरून आलेल्या कामगाराला या गावाने पगार दिला. करमणूक मात्र त्याने स्वतःच, वर्गणी काढून उभी केली.

याचे कारण कोणाच्या अरसिकतेत नाही, कारभाराच्या रचनेत आहे. एमआयडीसी १९६१ च्या कायद्याने चालते. भूखंड, रस्ते, पाणी, सांडपाणी हे तिचे काम. रंगमंच तिच्या यादीत नाही. अणुऊर्जेची वसाहत केंद्र सरकारची, तिचे जग तिच्या फाटकाच्या आत. उरलेली वस्ती ग्रामपंचायतींची. २०११ च्या जनगणनेत एकट्या बोईसरची लोकसंख्या ३६ हजारांवर होती आणि शेजारची गावे तेव्हाच एकमेकांना चिकटली होती. डोळ्यांना शहर दिसते, कागदावर मात्र चार-पाच ग्रामपंचायती. अशा गावात नाटकाच्या तालमीला जागा मागायला नेमके कोणाकडे जायचे?

एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी मंडळाच्या पोरांना काय काय करावे लागते, ते जवळून बघावे. मैदानासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी, तीही रात्री दहापर्यंतची. महावितरणचा तात्पुरता वीजजोड आणि त्याची अनामत. नाटक असेल तर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. मग मंडपवाला, लाइटवाला, जनरेटर. शेवटच्या दिवशी अर्धी पोरे पार्ट पाठ करण्याऐवजी कागद घेऊन फिरत असतात. बोईसरच्या सर्कस मैदानावर पडदा वर जातो, तेव्हा त्यांच्या अंगातले त्राण संपलेले असते. या सगळ्यात ग्रामपंचायतीचा वाटा एका दाखल्याचा आणि फार तर पाण्याच्या टँकरचा. सभागृह हवे असेल तर उद्योजकांच्या संघटनेचा टिमा हॉल आहे, पण तो त्यांचा. त्यांनी दिला तर आपला.

पालघरला निदान नगरपरिषद आहे. २०११ ला तिची लोकसंख्या ६८,९३० होती. मग तिथे काय अडले? महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कामांच्या दोन याद्या आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, दिवाबत्ती, गटारे, सफाई पहिल्या यादीत. वाचनालय, संग्रहालय, सभागृह, नाट्यगृह ही मंडळी दुसऱ्या यादीत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना’ हा विषय नगरपालिकांच्या कक्षेत आणला. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींनाही सांस्कृतिक कार्य आणि वाचनालये हे विषय दिले. विषय आले, त्यांच्यामागून पैसा आला नाही. नगरपालिकेत ज्याला लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात स्वतंत्र खाते नाही, ती गोष्ट अस्तित्वातच नसते. सूर्या प्रकल्पाचे पाणी, डम्पिंगची जागा आणि उखडलेला रस्ता यांच्यासमोर बसून ‘आम्हाला रंगमंच द्या’ म्हणायला धीर लागतो, हे मला मान्य आहे. तरीही ठाण्याने तो धीर १९७८ मध्ये दाखवला होता, तेव्हा तिथले रस्ते काही सोन्याचे नव्हते.

पालघर शहर सामूहिक आठवण जपू शकते, याचा पुरावा मात्र भर चौकात आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’ चळवळीत इथे पाच जण हुतात्मा झाले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तेवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे. दरवर्षी त्या दिवशी हुतात्मा स्तंभापाशी गाव जमते. त्या पाच गावांच्या पाच माणसांवर आपल्याच पोरांनी, आपल्याच बोलीत, पालिकेच्या रंगमंचावर नाटक केले असते तर ते किती वर्षे चालले असते, असा विचार त्या दिवशी मनात येतोच.

२०१४ हे साल आमच्यासाठी मोलाचे. मार्चमध्ये राज्याचे पेसा नियम, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम, आले. त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. १ ऑगस्टला पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. कायदा, ओळख आणि स्वतःचे प्रशासन अशा तीन गोष्टी एकाच वर्षात पदरात पडल्या. आपली जिल्हा परिषद आली. सिडकोने कोळगावला बांधलेल्या नव्या मुख्यालयाचे ऑगस्ट २०२१ मध्ये उद्घाटन झाले. जिल्ह्याचे चिन्ह म्हणून वारलीच्या त्रिकोणी आकृत्या सगळीकडे आल्या, शाळांच्या भिंती, कमानी, निमंत्रणपत्रिका, सन्मानचिन्हे. आणि पाहुणा आला की स्वागताला तारपा.

हा तारपा एकदा हातात घेऊन बघावा. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा मोठा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. फुंकताफुंकता नाकाने हवा आत घेत राहतो. भोवती हातात हात गुंफलेला नाचाचा फेर फिरत असतो आणि तो तारप्याकडे पाठ करत नाही. भात तयार झाले की हे वाद्य बाहेर निघते आणि रात्रभर चालते. असे वाद्य पाहुण्यांची गाडी येईपर्यंत उन्हात ताटकळत ठेवायचे आणि गाडी आली की दोन मिनिटे वाजवून घ्यायचे, हा त्याचा सन्मान नाही. मानधन, जेवण, जायची-यायची सोय आणि पुरेसा वेळ, एवढे तरी आयोजक कार्यालयाने लेखी ठरवून द्यायला हवे.

आमच्या कलावंतांची कदर झाली, पण ती बाहेरून सुरू झाली. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांत आले. गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे त्यांच्यामुळे मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत गेली. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २००३ ला जर्मनीत डसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँगबरोबर प्रदर्शन, २०११ ला पद्मश्री. १९७६ च्या राष्ट्रीय पुरस्काराबरोबर कबूल झालेली जमीन मात्र हातात यायला तीन दशकांहून जास्त काळ गेला. म्हशे २०१८ मध्ये गेले. जव्हारच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२६ मध्ये, नव्वदीत. दिल्लीला जे दिसते ते तालुक्याला आधी दिसायला हवे होते, कारण तालुका जवळ आहे.

इथे स्थानिक संस्थेच्या हातात खरोखर काय असते? राज्याची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना जुनी आहे, आता तिच्यात महिना ५,००० रुपये मिळतात. अर्जाचा प्रवास पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेतून होत आला. अर्जाला पुरावे लागतात: प्रमाणपत्रे, कात्रणे, कार्यक्रमांचे दाखले. कीर्तनकाराकडे ते असतात. चाळीस वर्षे पाड्यावर तारपा वाजवलेल्या म्हाताऱ्याकडे कसले कात्रण असणार? त्याचा पुरावा त्याचा पाडा. ग्रामसभेने ठराव करून ‘हा आमचा वादक’ असे लिहून द्यायचे आणि ग्रामपंचायतीने तो कागद अर्जाला जोडून पुढे पाठवायचा, यासाठी ना इमारत लागते ना निविदा. पेसा कायद्याने तर लोकांच्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे १९९६ मध्येच म्हणून ठेवले आहे. नाट्यगृहाची मागणी करताना आम्ही शहरातली माणसे ही ताकद विसरतो. माझ्या मते जिल्ह्याच्या कलेसाठी सर्वांत मोठे साधन तीच आहे.

पैशाचेही बघू. २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो खर्च करायची क्षेत्रे ठरलेली आहेत: पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, वने आणि जलसंधारण. कला हा शब्द त्यांत नाही. पण पेसाची अंमलबजावणी म्हणजे परंपरा जपणेही आलेच की. आश्रमशाळेतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा तारपा शिकवायला गावचाच वादक बोलवायचा आणि त्याला रोजंदारी द्यायची, हे शिक्षणात का बसू नये? प्रस्ताव लिहिणाऱ्याला तशी वाट दिसायला हवी.

जव्हारकडून शिकण्यासारखे आहे. तिथली नगरपरिषद संस्थानी काळात, १९१८ ला स्थापन झाली. दसऱ्याला राजाच्या गावात नाचाचे फड उतरायचे. संस्थान विलीन झाले तरी दसरा आणि नाच यांचे नाते तुटले नाही. मोखाडा-जव्हारच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे ठरलेले असते आणि खर्च गावकीच्या वर्गणीतून निघतो. अनुदान बंद पडले म्हणून तो थांबत नाही. दक्षिणेला वसईचा कला-क्रीडा महोत्सव तीन दशकांहून अधिक काळ दर डिसेंबरला भरतो. तिथे आधी मंडळ होते, महापालिका २००९ ला आली आणि सोबत उभी राहिली. पालघर-बोईसरला मंडळांची कमी नाही. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या (कोमसाप) शाखा आहेत, हौशी नाटकवाले आहेत, सातपाटी-वडराईची कोळीगीते आहेत, वाडवळांची लग्नगीते आहेत. सोबत उभे राहणारे कोणी नाही, एवढेच.

मधली वर्षे तर वायाच गेली. २०२० ला साथीने मंडप उठवले. २०१९ मध्ये निवडून आलेल्या पालघर नगरपरिषदेची मुदत २०२४ ला संपली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. प्रशासक पगार आणि पाणी चालवतो. तरुण नाटकवाल्यांनी तालमीची जागा मागायला त्याच्याकडे जावे, अशी ती खुर्ची नसते. आता नगरसेवक आहेत, अर्थसंकल्पाची सभा आहे. पालिका शाळेचा एक वर्ग संध्याकाळी सात ते दहा तालमीसाठी, मैदानाचे भाडे स्थानिक मंडळांना माफ, परवानग्यांसाठी एकच खिडकी, आणि सांस्कृतिक कार्य या नावाने एक वेगळे लेखाशीर्ष, मग त्यात पहिल्या वर्षी रक्कम थोडी का असेना. एवढे मागायला कोणी रसिक त्या सभेआधी निवेदन घेऊन गेला पाहिजे.

बोईसरची घाई वेगळी आहे. तिथे नगरपरिषदेची मागणी अनेक वर्षांची. ती मान्य होईल तेव्हा विकास आराखडा बनेल, आरक्षणे पडतील आणि नाट्यगृहासाठी भूखंड दाखवायची वेळ येईल. नवापूर रस्त्यापासून चित्रालय भागापर्यंत आज जी मोकळी जागा दिसते, तिच्यावर तोवर इमारती चढलेल्या असतील. म्हणून सरकारी आणि गुरचरण जमिनीपैकी एक तुकडा रंगमंचासाठी राखावा, असा ठराव बोईसर, सरावली, पास्थळच्या ग्रामसभांनी आत्ताच करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला हवा. पुढची ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट की २ ऑक्टोबर, जी पहिली येईल ती.